आकडा बघण्याआधी माणसं बघा: निदान-चाचण्यांवरचे पेपर कसे वाचावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे नवे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीत, एका नव्या रक्तचाचणीवरचा पेपर मांडायचा आहे. आजार पक्का झालेले २५ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं यांच्यावर ती करून पाहिली. २५ पैकी २४ जणांत ती पॉझिटिव्ह आली, ५० पैकी ४७ जणांत निगेटिव्ह. म्हणजे संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती जणांत पॉझिटिव्ह) ९६ टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांत निगेटिव्ह) ९४ टक्के. ‘नमुना लहान आहे’ यापलीकडे टीका सुचत नाही, आणि विभागप्रमुखांनी विचारलंय की ही चाचणी आपण सुरू करायची का.

मी वीसेक वर्षं प्रयोगशाळेत रिपोर्टांवर सह्या करतेय आणि जवळपास तितकीच वर्षं रेसिडेंट्सबरोबर असे पेपर वाचतेय. ‘नमुना लहान आहे’ ही टीका खरी आहे, पण ती या पेपरची सर्वांत किरकोळ अडचण आहे. हीच चाचणी याच पद्धतीने २,५०० रुग्ण आणि ५,००० निरोगी माणसांवर केली असती, तरी तुमच्या वॉर्डात ती कशी चालेल हे कळलं नसतं.

म्हणून निकालाचं पान आधी बंद करा. पद्धतीच्या भागातले पहिले दोन-तीन परिच्छेद उघडा आणि एकच गोष्ट शोधा: ही माणसं कोण होती आणि ती अभ्यासात आली कशी? आपण बोलताना ‘या चाचणीची संवेदनशीलता अमुक’ असं म्हणतो, जणू तो आकडा किटच्या खोक्यावर छापून आलाय. प्रत्यक्षात तो आकडा ती चाचणी आणि ती माणसं यांचा मिळून असतो. माणसं बदलली की आकडा बदलतो.

एक उदाहरण जवळून पाहू. क्षयरोगाची एक्सपर्ट एमटीबी/रिफ ही चाचणी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यावरचा मोठा अभ्यास २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. कल्चरने, म्हणजे जंतू वाढवून, क्षय सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या थुंकीच्या स्मिअरमध्येच (सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर) जंतू दिसत होते, अशा ५६१ पैकी ५५१ जणांत एकाच नमुन्यावर ही चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे ९८.२ टक्के. ज्यांचं स्मिअर निगेटिव्ह होतं अशा १७१ जणांपैकी १२४ जणांत ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे ७२.५ टक्के. दोन्ही गट एकत्र केले की ७३२ पैकी ६७५, म्हणजे ९२.२ टक्के. आता असं केंद्र डोळ्यांसमोर आणा जिथे क्षयाच्या दर दहा रुग्णांपैकी आठ स्मिअर-निगेटिव्ह असतात. तिथे याच चाचणीची संवेदनशीलता ७८ टक्क्यांच्या आसपास येईल. यंत्र तेच, कार्ट्रिज तेच, तंत्रज्ञही तेवढाच हुशार. फरक फक्त थुंकीत किती जंतू आहेत याचा. त्या संशोधकांनी दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे छापले म्हणून आपल्याला हा हिशेब करता आला. तुमच्या पेपरात आजाराच्या तीव्रतेप्रमाणे आकडे वेगळे दिलेत का ते बघा. दिले नसतील तर जर्नल क्लबमध्ये पहिला मुद्दा तोच मांडा.

आता तुमच्या पेपरातली रचना. पक्के आजारी एका बाजूला, ठणठणीत दुसऱ्या बाजूला. चाचणीची सर्वांत सोपी परीक्षा घ्यायची असेल तर अशीच घ्यावी. वॉर्डात आपण चाचणी कोणावर करतो? ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्यावर. त्याला ताप आहे, दम लागतोय, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलाय, आणि हे सगळं दुसऱ्या पाच आजारांतही होतं. चाचणीने वेगळं ओळखायचं असतं ते या पाच आजारांपासून. निरोगी रक्तदात्यापासून रुग्ण वेगळा ओळखायला चाचणी लागतच नाही, तो दारातून आत येतानाच कळतो. आणि आजाराच्या बाजूलाही तीच गत आहे: निदान पक्कं झालेले रुग्ण म्हणजे बहुतेक वेळा आजार पुढे गेलेले रुग्ण.

अशा रचनेने आकडे किती फुगतात हे मोजलं गेलेलं आहे. १९९९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात शेकडो चाचणी-अभ्यासांची त्यांच्या रचनेनुसार तुलना केली होती. पक्के रुग्ण आणि वेगळे जमवलेले निरोगी, अशा रचनेच्या अभ्यासांत निदानाचा ऑड्स रेशो (चाचणी आजारी आणि निरोगी किती चांगलं वेगळं करते याचा एक आकडा) सरासरी तिपटीने फुगलेला आढळला. कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, म्हणजे सीईए, या रक्तातल्या प्रथिनाची गोष्टही तीच सांगते. १९६९ च्या पहिल्या अहवालात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांत तो वाढलेला होता. पुढे सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत पाहिलं तेव्हा तो पुष्कळांमध्ये वाढलेलाच नव्हता, आणि कर्करोग नसलेल्या काही आजारांत मात्र वाढलेला होता. आज सीईए उपचारानंतर लक्ष ठेवायला वापरतात, पहिल्या निदानासाठी नाही. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन या संशोधकांनी या दोषाला रुग्णांच्या ‘स्पेक्ट्रम’चा, म्हणजे अभ्यासात कोणकोणत्या छटांचे रुग्ण घेतले याचा, प्रश्न म्हटलं आणि तेव्हापासून तो शब्द रूढ झाला.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. नव्या चाचणीचा पहिलाच अभ्यास असेल तर अशी रचना चालते. पक्क्या रुग्णांतही ती पॉझिटिव्ह येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थच नाही, आणि तेवढं कळायला ही रचना स्वस्त आणि पुरेशी आहे. चूक होते ती या पायरीवरचा आकडा शेवटच्या पायरीचा म्हणून वाचण्यात.

पेपरात ‘पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू’ दिली असेल तर तिच्याकडे फार सावधपणे बघा. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तातल्या प्रथिनांच्या आकृतिबंधावर आधारलेली चाचणी आली आणि खूप गाजली. कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने तिने ओळखले, कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ तिने बरोबर सोडले. पेपरात ही व्हॅल्यू ९४ टक्के लिहिली होती, कारण पॉझिटिव्ह आलेल्या ५३ पैकी ५० जणींना खरंच कर्करोग होता. पण ५० आणि ६६ ही माणसं संशोधकांनी निवडलेली होती. त्या अभ्यासात जवळपास निम्म्या जणींना कर्करोग होता. समाजात दर लाख स्त्रियांपैकी ५० जणींना तो आहे असं धरा. चाचणीने त्या पन्नासही ओळखल्या असं माना. विशिष्टता ९५ टक्के, म्हणजे उरलेल्या ९९,९५० पैकी सुमारे ५,००० जणी चुकीच्या पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे ५,०५० जणींपैकी ५० जणींना कर्करोग, म्हणजे एक टक्का. उरलेल्या ९९ टक्क्यांना सोनोग्राफी, झोप उडवणारे आठवडे आणि काही जणींना पोट उघडण्याची शस्त्रक्रिया. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी या संशोधकांनी जाहीर केलेली आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा दिसणाऱ्या फरकाचा बराच भाग नमुने हाताळण्यातून आणि यंत्रावर चालवण्याच्या पद्धतीतून आलेला असू शकतो असं दिसलं. ती चाचणी वापरात आली नाही. नमुन्यांच्या या मुद्द्यावर तुमचा पेपरही तपासा. रुग्णांचं रक्त आणि निरोग्यांचं रक्त एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या नळीत, सारखाच वेळ ठेवून तपासलं का? रुग्णांचं रक्त फ्रीझरमध्ये तीन वर्षं पडून आणि निरोग्यांचं कालचं, असं असेल तर चाचणी कदाचित आजार ओळखत नसून फ्रीझर ओळखत असेल.

हा हिशेब भल्याभल्यांचा चुकतो. १९७८ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून ६० जणांना विचारलं होतं: आजार हजारात एकाला, चुकीचे पॉझिटिव्ह पाच टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर साधारण दोन टक्के. ते ६० पैकी ११ जणांनी दिलं. २७ जणांनी सांगितलं ९५ टक्के. म्हणून मी रेसिडेंट्सना टक्केवारीत विचार करू देत नाही. कागदावर हजार माणसं मांडायची, आधी आजारी वेगळे काढायचे, मग प्रत्येक बाजूला चाचणी लावायची. दोन मिनिटं लागतात आणि चूक होत नाही.

पुढचा प्रश्न: आजार आहे की नाही हे शेवटी ठरवलं कशाने? म्हणजे गोल्ड स्टँडर्ड, अर्थात संदर्भ-चाचणी, कोणतं, आणि ते सगळ्यांना लावलं का? मला विचाराल तर पेपर इथेच सर्वांत जास्त फसवतात, कारण हा दोष ठळक दिसत नाही. एक-दोन वाक्यांत लपलेला असतो: ‘ज्यांच्यात संकेत होता त्यांची बायोप्सी केली.’ संकेत कोणता? बहुतेक वेळा तीच चाचणी.

हजार माणसांचा कागद पुन्हा घ्या. २०० जणांना आजार आहे, ८०० जणांना नाही. चाचणीची खरी संवेदनशीलता ७० टक्के, विशिष्टता ८० टक्के. म्हणजे आजाऱ्यांत १४० पॉझिटिव्ह, ६० निगेटिव्ह, आणि निरोग्यांत १६० पॉझिटिव्ह, ६४० निगेटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्या ३०० जणांची बायोप्सी होते. निगेटिव्ह आलेल्या ७०० जणांपैकी मात्र फक्त दहात एकाची, म्हणजे ७० जणांची होते, आणि त्यांत आजार निघतो ६ जणांना, ६४ जणांना नाही. बायोप्सी न झालेले ६३० जण हिशेबातून गळाले. पेपरात काय छापून येईल? संवेदनशीलता १४६ पैकी १४०, म्हणजे ९६ टक्के. विशिष्टता २२४ पैकी ६४, म्हणजे २९ टक्के. दोन्ही आकडे खोटे, पण कोणीही लबाडी केलेली नाही. निगेटिव्ह आलेल्या माणसाला सुई कशाला टोचा, एवढाच साधा माणुसकीचा विचार त्यामागे असतो. म्हणूनच हा दोष वारंवार भेटतो.

निगेटिव्ह आलेल्यांना बायोप्सीऐवजी काही काळ पाठपुरावा करणं हा चांगला मार्ग आहे, फक्त तो काळ पुरेसा हवा. पल्मोनरी एम्बोलिझमच्या (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याच्या) स्कॅनवरचा १९९० चा पायोपेड अभ्यास मी शिकवताना आवर्जून घेते. त्यात शंका असलेल्या रुग्णांवर स्कॅन झाला, ७५५ जणांची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेलं चित्र) झाली, आणि त्यातल्या २५१ जणांत, म्हणजे ३३ टक्क्यांत, एम्बोलिझम निघाला. ज्यांची अँजिओग्राफी झाली नाही त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, त्यांचा पाठपुरावा केला. या अभ्यासात ‘हाय प्रॉबॅबिलिटी’ स्कॅनची संवेदनशीलता फक्त ४१ टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के आली. आकडे दिमाखदार नाहीत, पण त्यांवर विसंबता येतं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली: स्कॅनच्या आधी डॉक्टरांना स्वतःचा अंदाज नोंदवायला लावला. स्कॅन आणि डॉक्टरांचा अंदाज दोन्ही ठामपणे एकाच बाजूला असले की निदान जवळपास पक्कं होत होतं, आणि ते एकमेकांविरुद्ध गेले की पुढे तपासणी लागत होती. रोजच्या कामात आपण असंच तर वागतो.

संदर्भ-चाचणीच्या बाबतीत आणखी दोन खाचा आहेत. एक म्हणजे निदान ठरवणाऱ्या समितीने नवी चाचणीच निकषांत धरलेली असणं. बीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा रक्तातला घटक) ही चाचणी किती चांगली हे तपासायचं आणि ‘हार्ट फेल्युअर आहे’ हे ठरवताना बीएनपीचा रिपोर्टही समितीसमोर ठेवायचा, असं झालं तर परीक्षार्थीच परीक्षक झाला. दुसरी खाच: नवी चाचणी जुन्या संदर्भ-चाचणीपेक्षा चांगली असेल तर काय करायचं? १९९० च्या दशकात क्लॅमिडियाच्या जनुकीय चाचण्यांच्या बाबतीत हे झालं, कारण कल्चर पुष्कळ रुग्ण सोडून देत होतं. मग उपाय काय केला, तर नवी चाचणी आणि कल्चर यांचं जिथे पटलं नाही तेवढेच नमुने तिसऱ्या चाचणीने पुन्हा तपासायचे. ऐकायला रास्त वाटतं. पण पटलेल्यांना हात न लावता फक्त न पटलेल्यांची फेरतपासणी केली, तर नव्या चाचणीचे आकडे सुधारू शकतात, बिघडू शकत नाहीत. पेपरात ‘विसंगत नमुने पुन्हा तपासले’ असं वाक्य दिसलं तर फेरतपासणीच्या आधीचे आकडे शोधा आणि तेच वापरा.

ब्लाइंडिंगबद्दल थोडक्यात. सीटी पाहिल्यानंतर छातीच्या एक्स-रेवर गाठ दिसायला लागते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. म्हणून चाचणी वाचणाऱ्याला निदान माहीत नको आणि निदान ठरवणाऱ्याला चाचणीचा निकाल माहीत नको. यंत्राने छापलेल्या आकड्याला याची झळ कमी लागते, डोळ्यांनी वाचायच्या पट्टीला, स्लाइडला, फिल्मला फार. संवेदनशीलता आणि विशिष्टता हे शब्दसुद्धा १९४७ साली येरुशाल्मी यांनी छातीच्या एक्स-रेच्या वाचनाचा अभ्यास करतानाच मांडले होते, कारण दोन वाचकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तुमची चाचणी पट्टीवरची असेल तर दोन तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे वाचून कितपत जुळलं हे पेपरात असायलाच हवं.

कट-ऑफ, म्हणजे ज्या आकड्यापुढे रिपोर्ट पॉझिटिव्ह धरायचा तो, कधी ठरवला तेही बघा. अभ्यास सुरू होण्याआधी, की सगळे निकाल समोर मांडून जिथे आकडे सर्वांत छान दिसले तिथे? दुसरा प्रकार सर्रास चालतो. ‘युडेन इंडेक्सनुसार इष्टतम कट-ऑफ’ असं भारदस्त वाक्य लिहिलेलं असतं आणि कट-ऑफ असतो ३७.४ वगैरे. लहान नमुन्यात असा निवडलेला कट-ऑफ त्या नमुन्याच्या अंगाबरोबर शिवलेल्या कपड्यासारखा असतो. दुसऱ्या माणसांना घालायला गेलं की उसवतो. तोच कट-ऑफ नव्या, वेगळ्या रुग्णांवर तपासला असेल तरच त्याला वजन द्या.

आणि अनिर्णित निकाल कुठे गेले? १०० रुग्णांपैकी १५ जणांचा रिपोर्ट ‘अनिर्णित’ आला, उरलेल्या ८५ पैकी ८० पॉझिटिव्ह आले, तर पेपर म्हणेल ९४ टक्के. पण माझ्या काउंटरवर शंभर नमुने आले आणि ऐंशींचंच बरोबर उत्तर मी देऊ शकले. रुग्णाच्या दृष्टीने तो आकडा ८० आहे. २००३ मध्ये आलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या ‘स्टार्ड’ निकषांनुसार लिहिलेल्या पेपरात रुग्णांच्या प्रवासाची आकृती असते. किती आले, किती गळले, किती अनिर्णित, कोणाला कोणती संदर्भ-चाचणी. मी पेपर उघडला की आधी ती आकृती शोधते. ती नसेल तर स्वतः काढायचा प्रयत्न करते, आणि बेरीज जुळत नसेल तर तिथेच थांबते. चिकित्सेसाठी ‘क्वाडास-२’ नावाचं साधन आहे, २०११ चं. रुग्णांची निवड, नवी चाचणी, संदर्भ-चाचणी, प्रवाह आणि वेळ, असे चार भाग त्यात आहेत. ते जरूर वापरा, पण चौकटींत टिकमार्क करून बेरीज काढू नका. एक गंभीर दोष बाकीच्या सगळ्या ‘हो’ उत्तरांवर पाणी फिरवू शकतो.

आता नमुन्याच्या आकाराकडे वळू. ‘लहान आहे’ एवढं म्हणून सोडू नका, लहान असण्याने निर्णय कसा बदलतो ते दाखवा. २५ पैकी २४ चा ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता) साधारण ८० ते ९९.९ टक्के आहे. ५० पैकी ४७ चा साधारण ८४ ते ९९. पेपरातल्या आकड्यांवरून पॉझिटिव्ह लाइकलीहूड रेशो (पॉझिटिव्ह रिपोर्ट निरोग्यांपेक्षा आजाऱ्यांत किती पट जास्त येतो) येतो ९६ भागिले ६, म्हणजे १६. खालच्या टोकांवरून काढला तर ८० भागिले १६, म्हणजे ५. निगेटिव्ह रेशो (निगेटिव्ह रिपोर्टसाठी तसाच भागाकार) पहिल्या हिशेबात ०.०४, दुसऱ्यात ०.२४. समजा रुग्ण तपासून तुमचा अंदाज आहे की आजाराची शक्यता २० टक्के. पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर ती पहिल्या हिशेबाने ८० टक्के होते, दुसऱ्याने ५६. निगेटिव्ह रिपोर्टनंतर पहिल्या हिशेबाने एक टक्का उरते, दुसऱ्याने जवळपास सहा. दोन्ही आकडे एकदम खालच्या टोकाला असण्याची शक्यता कमी आहे, हे मान्य. पण शंभर रुग्ण घरी पाठवले तर एकाला आजार राहिलेला असेल की सहा जणांना, हे या पेपरवरून सांगता येत नाही. आजार दुखण्यापुरता असेल तर दोन्ही चालतील. जीवघेणा आणि उपचाराने बरा होणारा असेल तर सहा चालणार नाहीत. हा हिशेब फळ्यावर मांडा, टाळ्या मिळोत न मिळोत, विभागप्रमुखांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

उरलेलं अर्धं मी चूक करून शिकले. आमच्याकडे डी-डायमर (रक्तात गुठळी असण्याची शंका दूर करायला वापरायची रक्तचाचणी) सुरू करताना आम्ही जे अभ्यास वाचले ते चांगले होते. एकामागोमाग एक आलेले रुग्ण, नीट पाठपुरावा, तीन महिने. पण ते सगळे आपत्कालीन विभागात चालत आलेले रुग्ण होते. आम्ही चाचणी सगळ्या वॉर्डांना खुली केली. दाखल असलेल्या, वयस्कर, ऑपरेशन झालेल्या, जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांचे नमुने येऊ लागले आणि बघता बघता जवळपास प्रत्येक रिपोर्ट पॉझिटिव्ह जाऊ लागला, कारण या सगळ्या कारणांनी डी-डायमर वाढतोच. प्रत्येक पॉझिटिव्हमागे कोणीतरी सीटी अँजिओग्राफी सांगत होतं. एका आजीबाईंना मूत्रपिंडं नाजूक असताना केवळ आमच्या रिपोर्टमुळे कॉन्ट्रास्ट (सीटीसाठीचं, मूत्रपिंडांना त्रास देऊ शकणारं रंगद्रव्य) दिला गेला, आणि एम्बोलिझम नव्हता. रिपोर्टवर सही माझी होती. चाचणीत खोट नव्हती, पेपरातही नव्हती. पेपरातली माणसं आणि आमची माणसं वेगळी होती आणि ते मी तपासलं नव्हतं. पुढे वयानुसार कट-ऑफ बदलायचा, म्हणजे पन्नाशीनंतर ५०० ऐवजी वयाच्या दहापट धरायचा, हा उपाय २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासाने पक्का केला. तोही बाहेरून आलेल्या रुग्णांसाठी, आणि डॉक्टरांचा आधीचा अंदाज ‘शक्यता फार नाही’ असा असेल तेव्हाच.

म्हणून चाचणी सुरू करण्याआधी ती कुठे बसणार हे ठरवा: जुन्या चाचणीच्या जागी, तिच्या आधी गाळणी म्हणून, की तिच्यानंतर भर म्हणून? गाळणीला संवेदनशीलता लागते, शेवटच्या शिक्क्याला विशिष्टता. आणि ‘लवकर सापडतो’ म्हणजे रुग्णाचं भलं होतंच असं धरून चालू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कर्करोगाच्या चाळणीची, म्हणजे लक्षणं नसताना सरसकट तपासणी करण्याची, चाचपणी झाली. २०२१ मध्ये सोळा वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर निकाल आला. रक्तचाचणीवर आधारलेल्या चाळणीने कर्करोग आधीच्या टप्प्यात जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉइड तपासण्याची लाट आली, २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं, मृत्यूंचा आकडा मात्र हलला नाही. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतले बहुतेक आयुष्यभर गोळी घेत आहेत. उलट टोकाचं उदाहरण म्हणजे क्षयरोगाच्या अँटिबॉडी रक्तचाचण्या. वर्षानुवर्षं सदोष अभ्यासांच्या जोरावर त्या विकल्या गेल्या, आणि शेवटी २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्या वापरू नका असं स्पष्ट सांगावं लागलं. तोवर किती जणांना नसलेल्या क्षयाची औषधं मिळाली आणि किती जणांचा असलेला क्षय सुटला, याचा विचार केला की मला आजही अस्वस्थ वाटतं.

तर विभागप्रमुखांना सांगा: या पेपरवर चाचणी सुरू करता येणार नाही, पण ती तपासून बघण्यासारखी आहे. आजाराची शंका आलेले रुग्ण ओळीने घ्या, एकही न वगळता. कट-ऑफ पेपरातलाच, आधी लिहून ठेवलेला. सगळ्यांना तीच संदर्भ-चाचणी, आणि ज्यांना ती लावता येत नाही त्यांचा ठरलेल्या मुदतीपर्यंत पाठपुरावा. रिपोर्ट उपचार करणाऱ्यांना देऊ नका, आमच्यासारख्यांकडे बंद ठेवा. आजार निघालेले शंभर रुग्ण जमले तरी संवेदनशीलतेचा आकडा बऱ्यापैकी स्थिर होईल.

आणि मांडणीच्या आदल्या रात्री पेपर आणखी एकदा उघडून चार माणसं शोधा. चुकीचे पॉझिटिव्ह आलेले तिघे, आणि २५ पैकी हुकलेला तो एक. बहुतेक पेपरांत त्यांच्याबद्दल निकालाच्या शेवटी एखादं वाक्य असतं, किंवा पुरवणी तक्त्यात एक ओळ. तिघांपैकी कोणाला दुसरा एखादा दाहाचा आजार असेल, तर तुमच्या वॉर्डात तसे रुग्ण किती असतात ते मोजा. आणि हुकलेला तो रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होता ते बघा. बाकीचे २४ पुढच्या टप्प्यातले आणि हा एकटाच सुरुवातीचा असेल, तर ज्या रुग्णासाठी आपल्याला ही चाचणी हवी आहे, त्याच्यात ती एकदाच करून पाहिली गेली आणि त्या एकदा ती चुकली.